मोटारसायकलचा पंप आणि आपली शाबासकी

गेल्या दिवाळीत धनत्रयोदशीच्या दिवशी दुपारी मी गोत्रीतील एका घरी फराळाला गेले होते. गोत्री हे एके काळी वडोदऱ्याच्या पश्चिमेचे खेडे. आज ते शहरातच आले आहे, तरी काही घरांच्या मागे अजून परसू आणि पत्र्याची शेड दिसते. अशाच एका शेडमध्ये आमच्या शाळेतून चार वर्षांपूर्वी दहावी होऊन गेलेले दोन विद्यार्थी मोटार बनवीत होते. लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा, त्यात अपघातात मोडलेल्या एका मोटारसायकलचे इंजिन, मागच्या आसाला साखळी, बसावयास दोन जागा. एक मुलगा पदविकेला आहे, दुसरा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. "बाई, चहा मागाहून घ्या, आधी गाडी सुरू करून दाखवितो," असे म्हणून त्यांनी मला शेडमध्ये नेले.

गाडी सुरू झाली. मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी विसरणार नाही. परंतु अर्धे मिनिट झाले नसेल, तोच फट् असा बारीकसा आवाज झाला आणि इंजिन बंद पडले. इंजिन बंद पडले खरे, पण कोठून तरी एक बारीक गुणगुण ऐकू येतच राहिली, आणि आसनाच्या मागून पेट्रोलची पिचकारी उडू लागली. पंपाची नळी निसटली होती. इंजिन थांबले तरी पंप थांबला नव्हता. तो आपले काम इमानाने करीतच होता. मोठ्या मुलाने धावत जाऊन बॅटरीची तार उपटली, तोवर फरशीवर पेट्रोलचे थारोळे झाले होते. पलीकडे ओट्यावर मुलाच्या आईने पणत्यांत तेल-वात घालून त्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या आणि काड्यापेटी शेजारीच होती. दिवेलागणीला दीड तास अवकाश होता, म्हणूनच मी हा लेख लिहीत आहे.

या प्रसंगात माझाही वाटा आहे, तो आधी सांगून टाकते. त्याआधीच्या स्नेहसंमेलनात या दोघांना आपण मुद्दाम बोलाविले होते. त्यांच्या अर्धवट सांगाड्याचे छायाचित्र पडद्यावर दाखविले आणि निवेदन करताना मी म्हटले, "मंडळी, मोटारीला लाखो रुपये लागतात, आपल्या मुलांनी ती अठरा हजारांत उभी केली आहे!" सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आज विचार करिता मला वाटते की त्या टाळ्या चुकीच्या गोष्टीला होत्या. गाडी कशी चालते, कशी थांबते, हे कोणीच विचारले नाही. किंमत ऐकून आपण सारे खूश झालो. मुलांनीही त्यातून बोध घेतला तो असा की खर्च जितका कमी, तितकी कीर्ती अधिक. पुढे तीस-चाळीस रुपयांची नळी आणि चारशे रुपयांची नळी यांतून निवड करावयाची वेळ आली, तेव्हा त्यांनी कोणती निवडली हे सांगावयास नको.

मी कलाशाखेची पदवीधर, भाषा शिकविते. यंत्रांविषयी मी बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु त्या दुपारनंतर मला चैन पडेना. सुट्टीचे उरलेले दिवस मी त्या मुलांबरोबर आणि आमच्या भागातील एका वृद्ध मिस्त्रींबरोबर बसून, नेमके काय चुकले हे समजून घेण्यात घालविले. जे समजले ते इतके रंजक आहे की भाषेच्या शिक्षिकेलाही सांगितल्यावाचून राहवत नाही.

जुन्या मोटारसायकलीला पंप नसे. टाकी वर, इंजिन खाली; पेट्रोल आपल्याच वजनाने उतरून कार्ब्युरेटरच्या वाटीत पडे. वाटी भरली की तरंगता फ्लोट वर उचलला जाई आणि त्याची सुई वाट बंद करी. घरच्या पाण्याच्या टाकीतील बॉलकॉक हेच करितो. येथे दाब अगदी थोडा असतो. एक मीटर उंचीच्या पेट्रोलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ७० ते ७५ ग्रॅम भरतो. परंतु आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसाच झाला. आता पेट्रोल बारीक तुषारांच्या रूपाने इंजिनच्या वाटेवर फवारले जाते, आणि त्यासाठी पुष्कळ गाड्यांत सुमारे ३ बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ किलो, इतका दाब लागतो. विज्ञानाच्या वर्गातील मुलांनी हिशेब करून पाहावा: केवळ उंचीच्या बळावर हा दाब आणावयाचा तर पेट्रोलची टाकी इंजिनच्या वर सुमारे ४० मीटरवर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीवर, ठेवावी लागेल! जे काम एवढ्या उंच इमारतीने करावयाचे, ते मुठीत मावेल एवढा विजेचा पंप करितो. त्या मूठभर वस्तूविषयी थोडा आदर असावयास हवा होता, तो आम्हां कोणातच नव्हता.

तो पंप मोटारसायकलच्या टाकीत तळाशी, पेट्रोलात बुडालेला असतो. भोवतीचे पेट्रोलच त्याला थंड ठेविते. टाकी अरुंद आणि खोलगट असल्याने थोडे पेट्रोल उरले तरी ते पंपाच्या तोंडाशी गोळा होते. शिवाय मोटारसायकल वळणावर स्वतः कलते, म्हणून पेट्रोल टाकीच्या एका कडेला पळत नाही. पंपाची तार थेट किल्लीला जोडलेली नसते. किल्ली फिरविली की इंजिनचे नियंत्रण करणारी पेटी पंपाला दोन-तीन सेकंद चालविते, आणि इंजिन फिरत नाही असे दिसले की त्याला थांबविते. त्यावर आणखी एक पहारेकरी असतो. गाडी आडवी पडली की एक कल-संवेदक त्या पेटीला खबर देतो आणि पंप व इंजिन दोन्ही बंद पडतात.

आमच्या मुलांनी भंगारवाल्याकडून पंप आणला, पण ही सारी गृहस्थी मागे राहिली. त्यांनी पत्र्याची रुंद, चपटी टाकी करविली. आसनामागे तेवढीच जागा होती. मोटार काही वळणावर कलत नाही. त्यामुळे वळण घेताच पेट्रोल एका बाजूला धावे, पंपाच्या तोंडी हवा येई आणि इंजिन खोकू लागे. मुलांना वाटले पंप कमजोर आहे. कल-संवेदक त्यांनी सुलट-उलट न पाहता सांगाड्याला बांधला होता. त्यामुळे गाडी आडवी पडली आहे असा त्याचा समज होऊन तो इंजिन सुरूच होऊ देईना. तेव्हा मुलांनी त्याची जोडणी चुकवून त्याला गप्प बसविले. पंपही पेटीच्या ताब्यात न ठेविता वेगळ्या बटणावर घेतला, म्हणजे 'कटकट नको'. आणि नळी? ती होती कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना चालते तशी, साधी रबरी, टोकाला तार पिळून आवळलेली. ७० ग्रॅमच्या दाबाला ती जन्मभर पुरली असती. तिच्यावर ३ किलोचा दाब आला. त्यातच आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यासाठी न बनविलेले रबर त्याने फुगते व ढिले पडते. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ पासून आमच्या या शहराच्या उशाशी उभा आहे. पण त्यातून निघणाऱ्या पेट्रोलाचा स्वभाव आम्हांला किती माहीत होता?

मिस्त्रींनी पंप हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "बेन, पंपनो वांक नथी." पंपाचा काही दोष नाही. मग मुलांकडे वळून त्यांनी एकच प्रश्न केला, "गाडी उलटली आणि तुम्ही बेशुद्ध पडलात, तर याला बंद कोण करणार?" मुले खाली पाहू लागली. स्नेहसंमेलनात माझ्या तोंडून निघावयास हवा होता, तो हा प्रश्न.

अलीकडे 'जुगाड' हा शब्द आपण मोठ्या अभिमानाने उच्चारू लागलो आहो. सौराष्ट्रातील छकडा पाहिला, पुढे मोटारसायकल आणि मागे माणसांनी भरलेली गाडी, की आपल्याला कौतुक वाटते; आणि ते सर्वस्वी अस्थानी आहे असे मी म्हणणार नाही. गरजेतून आलेली बुद्धी ती बुद्धीच. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टासाठी भंगारातून चारचाकी बनविली. ती मोटारसायकलप्रमाणे किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची वाखाणणी केली आणि थोडक्यात पुष्कळ साधण्याच्या आपल्या लोकांच्या हातोटीचा गौरव केला. तथापि त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नाही हेही त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. पुढल्याच महिन्यात, जानेवारी २०२२ मध्ये, ती लोहारांच्या दारी आलीही. वृत्तपत्रांतून आपण वाखाणणी वाचली, बोलेरोही वाचली. मधले वाक्य मात्र आपल्या डोळ्यांवरून निसटले.

याच मुलखातले याहून जुने उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ च्या सुमारास 'मीरा' नावाची छोटी मोटार बनविली. ते एका नमुन्यावर थांबले नाहीत. दोन आसनांच्या गाडीपासून आरंभ करून पुढे कुटुंबाला पुरेल अशा गाडीपर्यंत, वर्षानुवर्षे ते नमुना बनवीत, त्यातले उणे शोधीत आणि पुन्हा बनवीत राहिले. इंजिन मागे, हवेने थंड होणारे. धक्के सोसावयास स्प्रिंगांऐवजी रबर. ती मोटार बाजारात येऊ शकली नाही ही हळहळ मराठी माणसाला आजही वाटते, आणि वाटावी. परंतु कुलकर्णींचे नाव घेताना 'मोटार केवढ्या स्वस्तात' हेच आपण पुढे करितो; त्यांनी तीच मोटार कितीदा मोडून पुन्हा बनविली, हे कोणी सांगत नाही.

परदेशातही घरी मोटार जुळविण्याचा छंद जुना आहे. इंग्लंडात लोटस कंपनीने १९५७ मध्ये 'सेव्हन' नावाची हलकी गाडी काढली. ती सुट्या भागांत घेऊन घरी जोडली तर खरेदीवरचा कर वाचे. गंमत अशी सांगतात की जोडणीचे पुस्तक सोबत दिले तर सवलत जाईल, म्हणून कंपनी गाडी सुटी करण्याचे पुस्तक देई. गिऱ्हाइकाने ते शेवटाकडून वाचावे! पुढे अशा गाड्यांत मोटारसायकलची इंजिने बसविणारे हौशी लोक निघाले, आणि आमच्या मुलांना जी अडचण आली ती त्यांनाही आली: इंजिन मिळते, पण त्याची टाकी, पंप व तारांचे जाळे नव्या घरात नांदवावे कसे? त्यांनी शोधलेला उपाय आमच्या मिस्त्रींनीही सांगितला. मोठ्या टाकीतून कमी दाबाच्या एका पंपाने पेट्रोल एका लहान उभट भांड्यात सतत भरीत राहावयाचे, आणि जास्त दाबाच्या पंपाने त्या भांड्यातून ओढावयाचे. म्हणजे वळणावर मोठ्या टाकीत कितीही हेलकावे बसले तरी लहान भांडे भरलेले राहते. इंग्लंडात अशी घरी जुळविलेली गाडी सरकारी तपासणीतून उतरली तर रस्त्यावर नेता येते.

आपल्याकडे ती सोय नाही. मोटार वाहनांचे नियम नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घेण्यास सांगतात. कारखानदारांसाठी ते योग्यच आहे, पण शेडमध्ये काम करणाऱ्या दोन मुलांच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हे. म्हणून गोत्रीच्या रस्त्यावर ही गाडी जाणार नाही, जाऊ नये, हे मी मुलांना पहिल्याच दिवशी बजाविले. मग तिने जावे कोठे? याला उत्तर आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत सुरू झालेली विद्यार्थ्यांच्या मोटारींची स्पर्धा आता आपल्या देशातही होते. कोइंबतूरजवळच्या कारी येथील बंदिस्त मार्गावर 'फॉर्म्युला भारत' भरते आणि तेथे मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांचे संघ उतरतात. या गाड्यांत बहुधा मोटारसायकलचेच इंजिन असते. नियमाप्रमाणे ते ७१० घनसेंटिमीटरहून मोठे चालत नाही आणि हवा घ्यावयाची वाट अवघी २० मिलिमीटर असते. मला मोह पडला तो दुसऱ्या एका नियमाचा. टाकी भरून, चालकाला आत बसवून, सबंध गाडी ६० अंशांपर्यंत कलविली जाते. पेट्रोलचा एक थेंब गळला तर गाडी धावपट्टीवर जात नाही. जोराचा धक्का बसताच पंप आपोआप बंद करणारे बटणही गाडीत असावेच लागते. धावण्याच्या आधीची ही एक परीक्षा आहे, आणि गाडी किती स्वस्तात झाली हा प्रश्न तिच्यात कोठेच येत नाही.

धनत्रयोदशीच्या त्या प्रसंगानंतर धाकट्या मुलाच्या वडिलांनी फर्मान काढले: गाडी भंगारात जाईल. पुष्कळ पालकांना हाच मार्ग योग्य वाटेल आणि त्यांची भीती मला कळते. मी ते थारोळे डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु मी त्यांच्याकडे जाऊन सांगितले, "भाऊ, गाडी भंगारात घातली तर मुलांच्या लक्षात राहील ते एवढेच, की यंत्राला हात लावला तर वडील रागावतात. नळी का निसटली हे त्यांना कधीच कळणार नाही. आणि उद्या कोणा दुसऱ्याच्या शेडमध्ये ते पुन्हा हेच करतील, तेव्हा आपण तेथे नसू." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, टाळ्या तुम्ही वाजविल्या होत्या." याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

माझी मातृभाषा कोकणी. आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला 'सांबाळून वच' असे म्हणतात. 'सांबाळप' म्हणजे सावध राहणे, तसेच हातातली वस्तू जतन करणे, तिची काळजी वाहणे. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. माझी आई नवी बरणी घरात आणली तरी आधी तिचे झाकण, तिचा तळ, ती ठेवावयाची जागा पाहत असे. 'जुगाड' या शब्दात ही पाहणी नाही. तेथे वस्तू कामाला जुंपली की संपले. सवयीने आपण दोन्हींना 'कल्पकता' म्हणतो, हे मला आता पटत नाही.

शाळेकडे माझे एक मागणे आहे आणि ते मी मुख्याध्यापकांकडे लेखी दिले आहे. विज्ञान प्रदर्शनातील फलकावर 'खर्च' हा रकाना आपण सर्वांत वर मोठ्या अक्षरांत लिहितो, तो खाली घ्यावा. त्याच्या जागी 'हे बिघडले तर काय होईल व कोण थांबवील' असा रकाना असावा. त्याचप्रमाणे प्रत्येक प्रतिकृतीबरोबर एक वही असावी आणि ती मराठीत असावी. कोणते माप घेतले, काय फसले, काय बदलले, हे मुलाने आपल्या शब्दांत लिहावे. काही सहकारी म्हणाले की यंत्राचे शब्द मराठीत येत नाहीत. नसतील येत, 'पंप' आणि 'क्लिप' खुशाल लिहावे, पण वाक्य आपले असावे. याच वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख झाले, आणि धंदेशिक्षण लोकांच्या भाषेतून द्यावयाचा प्रयोग तेथे झाला. पुढे चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकून गेले. आज त्याचेच अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आहे. आमचा एक मुलगा तेथे जातो. त्याला पंपाचे सूत्र इंग्रजीत पाठ येत होते. ते सूत्र आणि हातातली रबरी नळी यांची गाठ मात्र पडली नव्हती. ती पडली असती तर दोन ओळींच्या मराठी हिशेबातच पडली असती, असे माझे मत आहे. कोणास ते भाषेच्या शिक्षिकेचे हट्टी मत वाटल्यास माझी तक्रार नाही.

वडिलांनी अखेरीस गाडी ठेवू दिली, पण दोन अटींवर: पेट्रोल घरात ठेवावयाचे नाही, आणि मिस्त्री समोर असल्यावाचून इंजिन सुरू करावयाचे नाही. टाकी कापून आत आडवे पडदे बसविले आहेत आणि लहान भांडे तयार होत आहे. इंजेक्शनची नळी व सबंध वेढा घेणाऱ्या नट-बोल्टच्या क्लिपा आणल्या. त्यांना अकराशे रुपये पडले. एका मोडीत निघालेल्या मोटारीतून धक्का बसताच पंप बंद करणारे बटण मिळाले. कल-संवेदक आता सुलट बसला आहे, आणि पंप पुन्हा पेटीच्या हुकमतीखाली गेला आहे. गेल्या रविवारी मुलांनी टाकीत पेट्रोलऐवजी पाणी भरून, आमच्या व्यायामशाळेतील दोन फळ्या लावून गाडी एका बाजूने उचलली. ४० अंशांवर टाकीच्या झाकणातून पाणी ठिबकू लागले. धाकट्याने वहीत लिहिले: '४० अंश. झाकण गळते. गॅस्केट बदलावयाचे.' खाली तारीख घातली आणि वही मला तपासावयास दिली. 'गॅस्केट'चे शुद्धलेखन बरोबर होते.